मुंबई-पुणे सोडून कोल्हापूरला राहायला जावं का? ठरवण्याआधी काय काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमाने

दिवाळीत कोल्हापूरला येऊन गेलेली मंडळी जानेवारीत विचारायला लागतात, "तिकडेच शिफ्ट व्हावं म्हणतोय, कसं वाटतं?" दोन दिवसांत अंबाबाईचं दर्शन झालेलं असतं, तांबडा-पांढरा झालेला असतो, रंकाळ्यावर संध्याकाळ काढलेली असते. गाडी पंधरा मिनिटांत कुठंही पोचलेली असते आणि हवा थंड असते. यातलं काही खोटं नाही. पण या दोन दिवसांवरून शहर जोखता येत नाही, कारण इथं राहणाऱ्या माणसाला रोज ज्या गोष्टी लागतात, त्यातली एकही या दोन दिवसांत समोर येत नाही.

खाली मी कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण ते मला गल्लीपर्यंत माहीत आहे. नाशिक, संभाजीनगर, सोलापूर यांच्यासाठी पायऱ्या त्याच राहतात, फक्त उत्तरं बदलतात. त्याबद्दल पुढे थोडं येईलच. क्रम मात्र मुद्दाम ठेवलेला आहे: ज्या तपासणीला पैसा लागत नाही आणि जिथं "नको" हे उत्तर लवकर मिळतं, ती आधी. बहुतेक लोक उलटं करतात. आधी फ्लॅट बघतात, मग शाळा, आणि नोकरीचं "बघू" म्हणतात.

पायरी १: घरातल्या दोन्ही पगारांचं काय?

एक नोकरी बरोबर आणता येते. दोन आणणं अवघड असतं, आणि तिसरी शोधायची वेळ आली तर त्याहून अवघड. म्हणून पहिली बैठक घरातल्या घरात, दोघांनी बसून.

कोल्हापूरची कमाई कशावर चालते ते आधी समजून घ्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्री आणि मशीन शॉप, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, साखर कारखाने, दूध, जवळच्या इचलकरंजीचं कापड, हुपरीची चांदी. कास्टिंग, मशीनिंग, क्वालिटी, टूल डिझाइन या कामातला माणूस असेल तर एक कंपनी सुटली तरी दुसरी सापडते, पगार पुण्यापेक्षा कमी असला तरी. वकिलांसाठी चित्र अलीकडेच बदललं: ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं त्याच्याकडे आली. डॉक्टर, सीए, शिक्षक यांचं कुठंही जमतं, फक्त जम बसायला वेळ लागतो.

सॉफ्टवेअर, जाहिरात, मीडिया, वित्तीय कंपन्यांतली मोठी पदं यांच्याबाबत मात्र स्पष्ट बोलायला हवं. इथं तुमची नोकरी म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि तिकडच्या कंपनीची मर्जी. तेव्हा:

- घरून काम करण्याची परवानगी लेखी घ्या, आणि ती एचआरकडून घ्या. मॅनेजर तोंडी "हो रे, काय हरकत आहे" म्हणतो, तो पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर असेलच असं नाही.
- राहण्याचं ठिकाण बदललं तर पगार बदलतो का, हे आधीच विचारा. काही कंपन्यांत बदलतो.
- ऑफिसला परत बोलावलं तर किती दिवसांची सूचना देणार, हे विचारा. त्याच मेलमध्ये उत्तर आलं तर उत्तम.
- नोकरीच्या साइटवर कोल्हापूर-सांगली टाकून तीन महिने दोघांसाठीही जाहिराती बघत राहा. किती निघाल्या याला महत्त्व नाही. "ही मी खरंच घेतली असती" अशा किती निघाल्या, ते वहीत लिहा.

वही कोरी राहिली तर येऊच नका असं नाही, पण मग हाताशी ठेवायची रक्कम वाढवा. मुंबई-पुण्यात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला तरी चालतो. इथं, एकाच लांबच्या पगारावर राहणार असाल, तर वर्षाचा ठेवा.

आणि एक गोष्ट, जी चर्चेत हमखास मागे पडते. बदली होऊन आलेल्या जोडप्यांत ज्याची नोकरी सुटते ती बहुतेक वेळा बायकोची. "तिला काहीतरी मिळेलच इथं" हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून निघालं की थांबायचं आणि ते "काहीतरी" म्हणजे नेमकं काय, कुठं, किती पगाराचं, हे तिच्याकडून ऐकायचं.

पायरी २: हिशेब, पण फक्त भाड्याचा नव्हे

कागदावर दोन रकाने करा, आत्ताचं शहर आणि कोल्हापूर. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून भरा, अंदाजाने भरू नका.

स्वस्त होणाऱ्या गोष्टी ठळक दिसतात: भाडं, घरकामाच्या बाईंचा पगार, भाजी, दूध, बाहेरचं खाणं, आणि रोजचा प्रवास. ज्या होत नाहीत त्या लपून राहतात. पेट्रोल, मोबाइल, ऑनलाइन खरेदी, विम्याचे हप्ते, चालू असलेला ईएमआय यांना शहर कळत नाही. चांगल्या खाजगी शाळेची फी आणि मोठ्या हॉस्पिटलचं बिल वाटतं तेवढं कमी होत नाही.

काही खर्च नव्याने उगवतात. इथं लोकल नाही, मेट्रो नाही. केएमटीच्या बस आहेत, पण त्यांच्या भरवशावर वेळेत ऑफिस गाठायचं नियोजन कुणी करत नाही. म्हणजे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दुचाकी लागते. मुंबईत एकाही गाडीशिवाय राहिलेल्या चार जणांच्या घरात इथं पहिल्या वर्षातच दोन दुचाकी आणि बहुतेकदा एक चारचाकी येते. तो खर्च आत्ताच रकान्यात घाला.

दुसरा नवा खर्च म्हणजे परतीच्या फेऱ्या. पुणे रस्त्याने साधारण २३० किलोमीटर, मुंबई ३८० च्या आसपास. आईवडील तिकडे असतील, ऑफिस महिन्यातून एकदा बोलावत असेल, तर टोल, डिझेल, तिकिटं धरा. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम रेंगाळत चाललंय, त्यामुळे "चार तासांत पुणे" हे पाहुण्यांना सांगायला ठीक आहे, हिशेबात जास्त धरा.

जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्या नोकरदारांनी आणखी एक ओळ लिहावी: मुंबईत राहताना सूट मोजायची मर्यादा मूळ पगाराच्या ५० टक्के असते, कोल्हापुरात ४० टक्के. भाडंच कमी झाल्यावर सूटही कमी होते, म्हणजे वाचलेल्या भाड्यातला थोडा वाटा करात जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा पुण्यात भाडं २८,००० आणि इथं १४,०००. वाचले १४,०००. त्यातून दुसऱ्या दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल ५,०००, महिन्याला एक पुण्याची फेरी ५,०००, जास्तीचा कर १,०००. उरले ३,०००. यात दुसरा पगार निम्मा झाला तर हिशेब उणे जातो. याउलट दोन्ही पगार शाबूत असतील आणि फेऱ्या कमी असतील, तर बचत खरोखरच मोठी असते. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण सगळ्या ओळी भरल्याशिवाय "तिकडे स्वस्त आहे" असं म्हणू नका.

पायरी ३: पाणी कुठपर्यंत आलं होतं?

कोल्हापुरात घर बघताना विचारायचा हा पहिला प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षं इथल्या माणसाला तोंडपाठ आहेत.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटात मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथली माणसं सकाळी उठून आधी हा आकडा बघतात, मग राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले ते. जुनी मंडळी शिवाजी पुलाकडे बघून "मच्छिंद्री झाली का?" असं विचारतात, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचलं का.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, शहरात लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावरून पाणी घेऊन येतात आणि त्यांची पंचगंगा होते. गगनबावडा-राधानगरीकडे चार दिवस झोडपून पाऊस झाला की त्याचं पाणी इथं मागाहून पोचतं. पुढे नृसिंहवाडीला कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेला उतार मिळत नाही, फुगवटा मागे येतो आणि पाणी दिवसेंदिवस तसंच थांबून राहतं. म्हणून इथला पूर धावत येऊन ओसरणारा नसतो, मुक्कामाला येणारा असतो.

दुसरी गोष्ट, नदीपासूनचं अंतर फसवं आहे. जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात शिरतं. त्यामुळे नदी नजरेला पडत नाही अशा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि दसरा चौकाच्या आसपासही पाणी येतं. नागाळा पार्क, रमणमळा, सुतारवाडा या भागांतही काही गल्ल्या जातात आणि शेजारच्या राहतात. राजारामपुरी, सागरमाळ, शिवाजी विद्यापीठाकडची बाजू उंचावर आहे. पण नुसत्या भागाच्या नावावर विसंबू नका, इमारतीपर्यंत जाऊन विचारा.

कसं विचारायचं?

1. एजंटाला आणि मालकाला विचारा, पण त्यांचं उत्तर धरू नका.
2. त्याच गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. "एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं?" तो हाताने भिंतीवर दाखवतो. काही भिंतींवर रेष अजून दिसते.
3. तळमजल्यावरच्या जिन्याखालचा मीटर बोर्ड बघा. नंतर वर उचलून बसवलेला असेल तर कारण उघड आहे.
4. जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा नकाशात बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध असतं, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींसह. महापालिकेच्या नगररचना विभागात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक दाखवून विचारता येतं.
5. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी गाडी कुठं लावणार, लिफ्टची मोटर कुठं आहे, पाणी आल्यावर बाहेर कसं पडणार, हे विचारा.

आणि घर उंचावर असलं तरी पूर तुमचा असतोच. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो कित्येक दिवस बंद होता. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्याने शहराच्या चारही बाजूंना पाणी आणि नळ मात्र कोरडा अशी गत झाली. पेट्रोल, दूध, भाजी सगळं अडलं. घरून काम करणाऱ्याने अशा आठवड्यात वीज आणि इंटरनेटचं काय करणार, हे आधीच ठरवलेलं बरं. दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर ही इथं चैन समजू नका.

एरवी नळाला पाण्याची ओरड कमी आहे. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी येण्याची योजना अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२३ मध्ये सुरू झाली. तरी गळती आणि पंपांच्या दुरुस्तीमुळे "उद्या पाणी नाही" अशा बातम्या येत राहतात, तेव्हा इमारतीला टाकी केवढी आहे ते बघाच.

इतर शहरांत हाच प्रश्न उलटा होतो. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगरला नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची सवय लोकांनी लावून घेतलीय. एका भागात चौथ्या दिवशी, दुसऱ्यात आठव्या, असा फरक असतो. तिथं विचारायचं ते "किती दिवसांनी, किती वेळ, आणि टँकरला महिन्याला किती?" लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. नाशिकला गंगापूर धरणाचा आधार आहे, पण गोदाकाठच्या घरांना २००८ चा पूर विचारावाच लागतो.

पायरी ४: घर शहरात आहे की शहराच्या बाहेर?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथं तो फार महत्त्वाचा आहे. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ मध्ये झाली. शहर वाढत राहिलं, पण हद्दवाढीचा वाद दशकानुदशकं चालूच आहे: शहरातले म्हणतात गावं आत घ्या, गावं म्हणतात नको. त्यामुळे पाचगाव, मोरेवाडी, कळंबे, उचगाव, उजळाईवाडी या भागांत चकचकीत अपार्टमेंट उभे राहिले, पत्ता सगळे "कोल्हापूर" लिहितात, आणि कारभार ग्रामपंचायतीचा असतो. भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी विकासाचं प्राधिकरण आलं, पण रोजच्या सोयी अजून पंचायतीकडूनच येतात.

याचा अर्थ तिकडे घेऊ नका असा नाही. घरपट्टी कमी असते, हवा चांगली, पार्किंग ऐसपैस, आणि पुराची भीती बऱ्याच ठिकाणी नाही. पण पाणी कुणाचं, बोअर आहे की योजनेचं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, कचरा कोण उचलतं, सांडपाणी कुठं जातं, रात्री दिवे आहेत का, ही यादी घेऊनच बघायला जा. पाचगावकडे उन्हाळ्यात पाण्याची बोंब हा जुना विषय आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन रस्त्यावर टँकर किती दिसतात ते मोजलंत तर कुणाला विचारायचीही गरज नाही.

पायरी ५: दवाखाना

घरात साठीच्या पुढचं माणूस किंवा कायमचं दुखणं असलेलं कुणी असेल तर ही पायरी दुसऱ्या क्रमांकावर घ्या.

कोल्हापूर आसपासच्या जिल्ह्यांसाठी आणि सीमाभागासाठी उपचाराचं ठिकाण आहे. सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय शहराच्या मध्यात, शिवाय भरपूर खाजगी हॉस्पिटलं. हृदय, हाडं, बाळंतपण, डायलिसिस यासाठी बाहेर जायची वेळ सहसा येत नाही. अडचण असते दुर्मीळ आजारांची आणि अगदी विशेष डॉक्टरांची. काही तज्ज्ञ पुण्या-मुंबईहून ठरावीक वारी येतात. पाटीवर त्यांचं नाव मोठं असतं, पण ते गुरुवारीच असतात, आणि आजार काही गुरुवार बघून येत नाही.

तेव्हा सध्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या की या रुग्णाला तातडीने काय लागू शकतं. ती यादी घेऊन इथल्या दोन हॉस्पिटलांत जा आणि विचारा: हे रात्री दोन वाजता होतं का? तो डॉक्टर रोज असतो का? तुमच्या विमा कंपनीचं कॅशलेस तिथं चालतं का, हे कंपनीच्या यादीत बघा, काउंटरवरच्या "हो हो, होतं" वर जाऊ नका. नेहमीचं औषध महागडं किंवा फ्रिजमधलं असेल तर ते मिळणारं मेडिकल शोधून ठेवा.

पायरी ६: शाळा

इथं थोडक्यात सांगतो. मूल नववीत-दहावीत किंवा अकरावी-बारावीत असेल तर ते वर्ष संपेपर्यंत थांबा. लहान असेल तर बोर्ड बदलणार का ते ठरवा, आणि डिसेंबर-जानेवारीतच चौकशी करा, कारण नावाजलेल्या शाळांचे प्रवेश जूनपर्यंत थांबत नाहीत. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात, त्यामुळे दहावीनंतर शहर बदलणं आता कागदोपत्री तुलनेने सोपं झालंय. जुन्या शाळेचा दाखला हातात आल्याशिवाय सामान हलवू नका.

पायरी ७: "पाव्हणं, कुठलं गाव तुमचं?"

मुंबईच्या इमारतीत समोरच्या दाराचं नाव माहीत नसताना दहा वर्षं निघतात. इथं सामान उतरवत असतानाच गाव, आडनाव, काय करता, मुलं किती, सगळं विचारून होतं. चौकशीत वाकडं काही नसतं. रात्री गाडी बंद पडली तर ढकलायला तीच माणसं येतात. पण ज्याला कुणी ओळखत नसण्यातच सुख वाटतं, त्याने हे वजनात धरावं.

पेठेत राहायचं की कॉलनीत, हा निर्णय यावरच अवलंबून आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे तालमी, मंडळं, फुटबॉल. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने असले की अख्खी पेठ तिथं असते आणि जिंकल्यावर गुलाल गल्लीत येतो. गणपतीत आवाज रात्री उशिरापर्यंत असतो. नवरात्रात महाद्वार रोडच्या आसपास घर असेल तर स्वतःच्या दारापर्यंत गाडी नेता येत नाही. ज्यांना हे हवंय त्यांना जगात दुसरीकडे करमणार नाही, आणि ज्यांना सकाळी सातला मीटिंग आहे त्यांनी सरळ रुईकर कॉलनी, ताराबाई पार्ककडे बघावं किंवा शहराबाहेर.

एकट्या मुलीला, अविवाहित मुलांना, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना, किंवा आडनाव-धर्म-जेवणावरून घर नाकारलं जाण्याचा अनुभव इथंही येतो. पुण्या-मुंबईतही येतोच, फरक इतकाच की इथं पर्यायी इमारतींची संख्या कमी. तुम्ही यांपैकी असाल तर नोकरी सोडण्याआधी भाड्याचं घर पक्कं करा.

मुलगा-मुलगी सोळा वर्षांच्या पुढे असतील तर त्यांचं मत वेगळं विचारा, आणि समोर बसवून विचारू नका.

पायरी ८: राहून बघा, आणि पावसाळ्यासकट राहा

आधी आठ-दहा दिवसांची एक फेरी, सुट्टी न घेता. भाड्याच्या खोलीत राहा, रोजचं काम करा, मुलांच्या संभाव्य शाळेपर्यंत सकाळी आठ वाजता गाडी चालवून बघा, भाजी स्वतः आणा, संध्याकाळी कंटाळा आला की काय करता ते बघा. हॉटेल आणि पाहुण्यांचं घर, दोन्ही टाळा. ही फेरी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात असावी. पाऊस, ओल, न वाळणारे कपडे आणि पंचगंगेचा आकडा हे सगळं एकदम भेटतं.

येताना एकदा रेल्वेने या. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत मुंबई गाठून देते, कोयना दिवसाची आहे, पुण्याची वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस धावते. उजळाईवाडीला विमानतळ आहे, पण उड्डाणांची वेळापत्रकं बदलत असतात, त्यावर नोकरीचं नियोजन उभं करू नका. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: रात्री दोनला आईचा फोन आला तर मी किती वाजता तिच्यापाशी असेन? आलेलं उत्तर झेपणारं आहे का, हे तुम्हालाच ठरवायचंय.

हे सगळं जमलं तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, "आमच्यात कशाला कागद" म्हणणाऱ्या मालकाकडेही. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवतात. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. करार ऑनलाइन होतो. मालकाला सांगून लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि महावितरणच्या बिलावर मागची थकबाकी नाही ना ते बघा.

करार असा धरा की जून ते सप्टेंबर त्यात पूर्ण बसेल. ऑक्टोबरपासून मेपर्यंत राहून "छान आहे" म्हणणं म्हणजे पोहायला न उतरता विहीर आवडणं.

या काळात जुनं घर विकू नका. स्वतःचं असेल तर भाड्याने द्या, तेही ११ महिन्यांसाठीच. मुंबईतून बाहेर पडणं सोपं आहे, परत आत शिरणं महाग.

पायरी ९: घर विकत घ्यायचं असेल तर

वर्ष उलटल्यावरच, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि आधीच्या व्यवहारांचा शोध) घेऊन. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, ताबा देण्याची तारीख आणि तक्रारी वाचा. जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेती आदेश, भोगवटा प्रमाणपत्र आणि पूररेषा तपासा. शहराबाहेर "दोन गुंठ्यांचा प्लॉट, एकदम स्वस्त" अशा पाट्या खूप दिसतात. तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरचे निर्बंध) आणि गुंठेवारी (मंजुरीशिवाय पाडलेले लहान प्लॉट) यांची भानगड समजून घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. घर घरातल्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिची अट-कालावधी नोंदणीच्या वेळी विचारून घ्या.

दुसरं शहर डोळ्यांसमोर असेल तर

नाशिकबद्दल एक सावधगिरी. सिंहस्थ ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सुरू होतोय आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. तोवर रस्ते खोदलेले, भाडी फुगलेली आणि प्रत्येक बिल्डरच्या तोंडी कुंभ. मुंबई जवळ हवी असेल तर नाशिकला तोड नाही, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर तर आणखीच. पण नाशिक रोड स्टेशन मूळ शहरापासून लांब आहे, हे रोज-आड मुंबई करणाऱ्याने घर निवडताना धरावं. खरेदीचा निर्णय सिंहस्थानंतर.

संभाजीनगरला शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यामुळे कारखानदारीतल्या नोकऱ्यांची बाजू कोल्हापूरपेक्षा भक्कम वाटते, पाण्याची लंगडी.

पायरी १०: तारीख आणि अटी आधीच लिहा

कराराच्या आठव्या महिन्यातली एक तारीख आत्ताच ठरवा. अकराव्या महिन्यात ठरवायला बसलात तर घरमालक, शाळेची फी आणि आळस मिळून तुमचा निर्णय घेतात.

येण्याआधीच, एकाच कागदावर, "या गोष्टी झाल्या तर आपण परत जायचं" अशा तीन-चार ओळी लिहून दोघांनी सह्या करा. उदाहरणार्थ: सहा महिन्यांत दुसरी नोकरी किंवा पुरेसं काम मिळालं नाही, कंपनीने आठवड्यातून दोन दिवस ऑफिस सक्तीचं केलं, आईला इथला डॉक्टर मानवला नाही, मुलाला शाळेत मित्रच झाले नाहीत. अटी मोजता येतील अशा असाव्यात. "करमलं नाही तर" ही अट नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत कुणालाच करमत नसतं.

त्या तारखेला हिशेबाचा दोन रकान्यांचा कागद पुन्हा काढा आणि खऱ्या आकड्यांनी भरा. घरातल्या प्रत्येकाने आधी स्वतंत्र चिठ्ठीवर "राहू" किंवा "जाऊ" लिहावं, मग बोलावं. मोठ्याने आधी मत मांडलं की बाकीचे मान डोलावतात.

राहायचं ठरलं, तर मतदार यादीसाठी नमुना ८ भरा, आधार, बँक, गॅस आणि विम्यावरचा पत्ता बदला, गाडीच्या आरसीवरचाही. राज्य तेच असल्याने नव्याने नोंदणी किंवा रस्ता कर लागत नाही, एमएच-१२ किंवा एमएच-४७ पाटी चालते. एमएच-०९ वाले सिग्नलला बघतील थोडं. जायचं ठरलं, तर घरमालकाला करारात लिहिलेल्या मुदतीत लेखी नोटीस द्या, भिंतींचे आणि नळांचे फोटो काढून ठेवा, डिपॉझिट हातात आल्यावरच किल्ली सोडा.